‘इंडियन’ म्हणजे ‘देवातली माणसं’ नव्हे

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कोलंबसाने ‘इन दिओस’, म्हणजे ‘देवातली माणसं’ म्हटलं आणि त्याचंच ‘इंडियन’ झालं. १४९२ मध्ये ‘इंडिया’ हे नावच नव्हतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. स्पॅनिशमध्ये ‘देवात’ म्हणजे ‘एन दिओस’. तिथे ‘इन’ येतच नाही. ‘इंडिया’ तर फार जुनं: ‘सिंधू’चं इराणी तोंडी ‘हिंदू’ झालं, ग्रीकांनी त्यातला ‘ह’ गाळला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या लेखनात या नावाचं जुनं रूप आहे, इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात! १४९३च्या पत्रात कोलंबस स्वतःच लिहितो, की आपण ‘इंदियास’ला पोहोचलो. तेव्हा या शब्दात सिंधूपलीकडचा जवळजवळ सगळा आशिया मावत असे. तिथल्या माणसांना त्याने ‘इंदिओस’ म्हटलं. बहामा बेटांवर भेटलेले ते लोक खरं तर लुकायन ताइनो.