पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन: बांधायचं की बदलायचं?

जुनी पद्मिनी, म्हणजे फियाट ११०० ची आपल्याकडे बनलेली प्रीमिअर गाडी, दमदार करायची ठरली की गॅरेजमध्ये पहिला वाद हाच होतो: मूळ १०८९ सीसीचं इंजिन नीट बांधून घ्यायचं, की ते उतरवून प्रीमिअरच्याच नंतरच्या ११८ एनई गाडीचं ए-१२ इंजिन बसवायचं. पूर्वी हा हौसेचा आणि खिशाचा प्रश्न होता. २०२१ पासून तो कागदपत्रांचाही झाला आहे.

हे इंजिन पद्मिनीपेक्षा फार जुनं. ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) ही मापं १९३७ च्या फियाट ५०८ सी मधली. तेव्हा ताकद ३२ हॉर्सपॉवर. १९४६ मध्ये चिसितालिया डी४६ या एकआसनी रेसिंग कारमध्ये याच इंजिनातून साठच्या आसपास हॉर्सपॉवर काढली गेली. ते करताना ऑइलची व्यवस्था बदलून ड्राय संप (ऑइल इंजिनाखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना) घातला होता, हे महत्त्वाचं. वळणावर ऑइल एका बाजूला सरकलं आणि पंपाने हवा ओढली की बेअरिंग गेलंच. पुढे १९५३ च्या ११००/१०३ मध्ये साधं मॉडेल ३६ हॉर्सपॉवरचं, तर टीव्ही (टुरिस्मो व्हेलोचे) हे वेगवान मॉडेल पन्नासच्या घरातलं होतं. म्हणजे या ब्लॉकमध्ये ताकद होती; कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांत ती मुद्दाम राखून ठेवलेली होती. आपल्याकडचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, गाडी पाच माणसं आणि कॅरिअरवरच्या सामानासह घाट चढणारी. त्या काळात तो निर्णय योग्यच होता.

चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत फियाट पळायच्या, पण सर्वसाधारण मालकापर्यंत हे इंजिन बांधण्याचं ज्ञान पोचलं ते मुंबईच्या टॅक्सीमुळे. रात्रंदिवस चालणाऱ्या टॅक्सीमुळे सुटे भाग मुबलक राहिले, आणि बोअरिंग, क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) ग्राइंडिंग, हेड फेसिंग करणारे कारागीर तयार झाले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आज हाती येणारे बरेचसे ब्लॉक त्या टॅक्सींचेच, सीएनजीवर तापलेले, दोन-तीनदा बोअर झालेले.

१९८५ मध्ये आलेल्या ११८ एनईमध्ये निसानचं ए-१२ होतं: ११७१ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक ७०. सीसीतला फरक किरकोळ, खरा फरक क्रँकला मिळणाऱ्या आधारात आहे. ए-१२ ला पाच मेन बेअरिंग, जुन्या फियाटला तीन. तीन बेअरिंगवरचा क्रँक जास्त आरपीएमला वाकतो आणि मधलं बेअरिंग आधी बोलायला लागतं. शिवाय ७५ मिमी स्ट्रोकला ६००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो, ए-१२ चा १४. म्हणून ‘इंजिन बदला’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा कच्चा नाही.

पण किंमत फक्त इंजिनाची नसते. निसानचा गिअरबॉक्स लावला की स्टिअरिंगवरचा हँड गिअर जातो, खाली दांडा येतो आणि त्यासाठी फ्लोअर कापावा लागतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. सत्तरच्या दशकातल्या पहिल्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. ए-१२ घातलेली गाडी इथे बाद होते, आरसी बुकात इंजिन नंबर रीतसर बदलून घेतला असला तरी.

मग ‘मोठा फेरफार’ कुठे सुरू होतो? ओव्हरसाइज पिस्टन ही दुरुस्ती आहे, त्याबद्दल कोणी हरकत घेऊ नये. ७२ मिमी बोअर केला की १२२१ सीसी होतात आणि खुद्द फियाटने ११०० डी मध्ये हेच माप वापरलं होतं, म्हणून काही जण तेही मूळच म्हणतात. मला ते पटत नाही. कारखान्याने नव्या ब्लॉकवर केलेलं काम वेगळं, आणि थकलेल्या टॅक्सी-ब्लॉकच्या सिलिंडरची भिंत न मोजता केलेलं वेगळं. भिंत पातळ झाली की गाडी घाटात गरम होणार, हेड गॅस्केट उडणार.

टिकाऊपणासाठी खर्च करायचा तर तो क्रँक, फ्लायव्हील, क्लच एकत्र बॅलन्स करण्यावर, चारही पिस्टन-रॉड एका वजनाचे करण्यावर, नव्या ऑइल पंपावर आणि हेडचे पोर्ट साफ करण्यावर करावा. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे गाडी खेचते, आणि ५५०० च्या आत ठेवली तर तीन बेअरिंगही पुरतात.

या सगळ्यात इंधनाने नवी भर घातली आहे. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर गेलं, तेव्हा कडक धातूची व्हॉल्व्ह सीट बसवून प्रश्न मिटला. आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे आणि ते जुनं रबर खातं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वाढवावा लागतो. तो तसाच ठेवला तर नव्या बांधलेल्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि टाकीपासूनचे पाइप बदलल्याशिवाय हल्ली जाणते कारागीर इंजिन सुरूच करून देत नाहीत.