पॉटच्या आधी बर्फ

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आईस्क्रीमचा स्वतःचा पॉट, म्हणजे बर्फ-मीठ भरून हँडलने घुमवायची बादली, कधीच नव्हता. तो भाड्याने यायचा. मे महिना सरत आला की बर्फाच्या डेपोवर नंबर लावावा लागे, अनामत ठेवावी लागे. मग मामा सायकलच्या कॅरिअरला पॉट बांधून आणि हँडलला गोणपाटात गुंडाळलेला लादीचा तुकडा लटकवून घरी यायचा. इतवारीहून महालात पोचेस्तोवर त्यातला बराच बर्फ रस्त्यालाच लागलेला असे.

तो काळ नवतप्याचा. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा, साधारण २५ मे ते २ जून. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, त्यावरून काय ते समजा. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात ते उगीच नाही. त्यामुळे पॉट घुमवायला पोरांची कमी कधी पडली नाही.

आजोबा त्या पॉटला ‘साहेबाचं यंत्र’ म्हणत. आजीला ते मान्य नव्हतं. “साहेबाचं का आहे त्यात? कुल्फीच तं आहे, फक्त घुमवाची,” असं ती दर वर्षी म्हणायची, आणि दर वर्षी हा वाद बर्फ फुटेस्तोवर चालायचा. पुढे या पॉटच्या मागे लागलो, तेव्हा आजीची बाजू वाटली त्यापेक्षा बरीच जड निघाली.

अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त पाणी गार करण्याची एक कृती दिली आहे. धातूच्या सुरईत शेरभर पाणी घालून तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी आणि अडीच शेर सोरा घालायचा. सोरा म्हणजे तोच, जो बंदुकीच्या दारूत पडतो. पाण्यात विरघळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. त्या मिश्रणात सुरई पाव तास घुमवत राहायची, की आतलं पाणी गार. एका भांड्यात दुसरं भांडं, मध्ये क्षार आणि पाणी, आणि घुमवणारा हात. पॉटमध्ये याहून वेगळं काय असतं? अकबराची छावणी पंजाबात गेल्यावर, १५८६ च्या सुमारास, उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरला बर्फही येऊ लागला. तो ओझ्याने, होडीने आणि माणसांच्या डाकेने आणावा लागे; उन्हाळ्यात सगळ्या थरांतले लोक तो वापरत, वर्षभर मात्र फक्त उमराव.

कुल्फी याच घराण्यातली. आटवलेलं दूध साच्यात भरायचं, तोंड कणकेने लिंपायचं, आणि साचे मीठ-बर्फाच्या माठात ठेवून माठ हलवत राहायचा. इथे हलतो तो माठ, आतलं दूध ढवळलं जात नाही. म्हणून कुल्फी घट्ट आणि जड लागते, दाताखाली तिचे स्फटिक कळतात. आईस्क्रीम वेगळं पडतं ते नेमकं इथेच.

बर्फ जमिनीवरही करत असत. सर रॉबर्ट बार्कर या अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी त्याचं वर्णन लिहिलं आहे. अलाहाबादेकडे थंडीत उघड्या मैदानात उथळ खड्डे खणत, त्यात उसाची चिपाडं किंवा कडबा पसरत आणि त्यावर उकळून निवलेल्या पाण्याची मातीची पसरट भांडी रांगेने मांडत. कोरडी, निरभ्र आणि बिनवाऱ्याची रात्र असली की पाण्यातली उष्णता आभाळाकडे निघून जाई, खालच्या चिपाडांमुळे जमिनीची ऊब पोचत नसे, आणि हवा शून्याच्या वर असूनही पहाटे भांड्यांत बर्फाचा थर दिसे. सूर्य उगवायच्या आत तो खरवडून तळघरात दाबून ठेवायचा, उन्हाळ्यासाठी. नागपूरला याचा उपयोग नव्हता. आपली डिसेंबरातली सरासरी रात्र १२ अंशांच्या आसपास रेंगाळते. इथला श्रीमंतही माठ, वाळ्याचे पडदे आणि जाड भिंती यांवरच भागवत असे. पुढे मध्य प्रांताचे साहेब लोक तर उन्हाळ्यात कचेरीसकट पचमढीलाच जात.

मग बर्फ समुद्रातून आला, आणि ही गोष्ट सांगताना मला अजून गंमत वाटते. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तिकडच्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ करवतीने कापून विकायचा धंदा काढला होता. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला लागलं. तोवर सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. युक्ती होती लाकडाच्या भुशाची. भुशात अडकलेली हवा उष्णता आत जाऊ देत नाही. आमचा डेपोवाला लादीवर जो भुसा टाकायचा, तोही याच कारणासाठी. पाठोपाठ मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना जेवणात आईस्क्रीम वाढलं आणि नंतर यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईत अजून सांगतात.

पण ट्यूडरचा बर्फ बंदरांचा होता. कलकत्ता, मद्रास, मुंबई इथे त्याच्यासाठी बर्फघरं बांधली गेली. नागपूर पडलं देशाच्या पोटात, कुठल्याही समुद्रापासून लांब. रेल्वे इथे पोचली १८६७ मध्ये. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. दगडी कोळसा, वाफेचं इंजिन आणि ते चालवणारे कारागीर हे सगळं गावात आलं. बर्फाच्या कारखान्याला लागतं तेही हेच. साधारण त्याच काळात मद्रास आणि कलकत्त्यात यंत्राने बर्फ करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि अमेरिकन बर्फाचा धंदा पाच-दहा वर्षांत बसला. बर्फाला आता समुद्र लागत नव्हता. इंजिन असेल तिथे बर्फ करता येणार होता. आईस्क्रीम नागपूरसारख्या गावांच्या आवाक्यात आलं ते या बदलामुळे.

कारखान्यात डोकावलं तर तिथेही तेच दिसतं. पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे शून्याच्या बऱ्याच खाली गार केलेल्या क्षारपाण्याच्या हौदात लटकत असतात. क्षारपाणी गोठत नाही, डब्यातलं साधं पाणी गोठतं, आणि डब्याच्या आकाराची लादी निघते. म्हणजे कारखाना हा एक मोठा पॉटच, घुमवायला अमोनियाचा कॉम्प्रेसर असलेला.

आता आजोबांची बाजू. दांड्याचं यंत्र खरंच साहेबांच्या मुलखातलं आहे, पण ते साहेबाचं नाही, बाईचं. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांना त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं ९ सप्टेंबर १८४३ रोजी, क्रमांक ३२५४. त्याआधी युरोपात आईस्क्रीमवाले मीठ-बर्फाच्या बादलीत झाकणाचं भांडं ठेवून ते हाताने घुमवत. दर थोड्या वेळाने झाकण उघडून कडांना चिकटलेला थर खरवडायचा, पुन्हा झाकायचं, पुन्हा घुमवायचं. झाकण उघडलं की मीठ आत जायची भीती, आणि हात तर बधिर होणारच. जॉन्सनबाईंनी आत पाती बसवली आणि तिचा दांडा झाकणातून वर काढून त्याला हँडल लावलं. घुमवणं आणि खरवडणं एकदम होऊ लागलं, झाकण उघडायची गरज उरली नाही. पुढच्या लोकांनी त्यावर दातेरी चाकं बसवली, त्यामुळे डबा एकीकडे आणि पाती दुसरीकडे घुमू लागली. १८८५ मध्ये लंडनच्या ॲग्नेस मार्शल यांनी पसरट भांड्याचा आणखी झटपट प्रकार काढला. हे सगळं मी आजोबांना सांगू शकलो नाही. आजी मात्र खूश झाली असती.

हे यंत्र करतं काय, तेही सांगतो, कारण याबद्दल घरोघर गैरसमज आहेत. मीठ ‘थंड’ असतं म्हणून बर्फ थंड होतो, असं आमच्याकडे सर्रास सांगत. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो. बर्फ शून्यालाही टिकत नाही, वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता, किलोमागे ८० किलोकॅलरी, तो जिथून मिळेल तिथून ओढतो. जवळ असतो दुधाचा डबा. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, असं प्रमाण जमलं तर मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी एवढं मीठ कोणी घालत नाही आणि घालूही नये. फार गार झालं तर दूध कडांना दगडासारखं धरतं आणि पाती अडकते. दोन लिटर दुधाला पाच-सहा किलो बर्फ आणि किलोभर खडेमीठ पुरतं. मीठ जाडंच हवं. बारीक मीठ झरकन विरघळून तळाशी जातं, खडे थरांमध्ये बसून हळूहळू काम करतात.

साखरेमुळे दूधही शून्याला गोठत नाही, त्याला आणखी दोन-तीन अंश खाली जावं लागतं. ते आधी गोठतं डब्याच्या कडेला. पाती तो थर खरवडून आत ढकलते, स्फटिक मोठे व्हायच्या आत मोडते आणि थोडी हवा मिसळते. थोडीच. कारखान्यात यंत्राने बरीच हवा भरतात, म्हणून एका लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं असा आपल्याकडे नियमच आहे. हाताच्या पॉटमध्ये एवढी हवा भरणं कोणाच्या दंडाला शक्य नाही. ते चमच्याला जड लागतं आणि ताटलीत लवकर वितळतं. मला हा दोष वाटत नाही.

बादलीला वरच्या अंगाला एक भोक असतं. खारं पाणी चढलं की त्यातून बाहेर पडावं म्हणून. एका वर्षी कोणीतरी, म्हणजे मीच, फरशी ओली होते म्हणून त्यात चिंधी कोंबली. पाणी झाकणापर्यंत चढलं आणि दोन लिटर रबडी खारट झाली. मामा फक्त एवढंच म्हणाला, “काहून बे?” ते मला अजून ऐकू येतं.

मिश्रणाचाही आपला इतिहास आहे. युरोपी पद्धतीत अंड्याचा बलक शिजवून घालत, आणि आमच्यासारख्या घरांत ते चालणारं नव्हतं. सोय झाली ती १८३७ मध्ये, बर्मिंगहॅममध्ये. आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टच्या बायकोला अंडी सोसत नसत. तिच्यासाठी त्याने कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. त्या बाईंच्या पोटाच्या तक्रारीतून निघालेली पावडर पुढे महालातल्या सोवळ्या स्वयंपाकघरात, व्हॅनिला इसेन्सच्या बाटलीशेजारी, निवांत बसली. संत्र्याचं आईस्क्रीम मात्र नागपुरात वाटतं तेवढं सोपं नाही. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे पॉट घरी येतो तोवर बाजार रिकामा. शिवाय आंबट रस गरम दुधात पडला की दूध नासतं. आजी फोडी सोलून ठेवायची आणि अर्धं गोठल्यावर झाकण उघडून घालायची. जॉन्सनबाईंचा सगळा खटाटोप वाया.

पॉट गेला कसा, हे सांगायला फार काही लागत नाही. अहमदाबादेत वाडीलाल गांधींचं सोड्याचं दुकान १९०७ चं, आणि सुरुवातीचं त्यांचं आईस्क्रीमही हाताने फिरवायच्या कोठीतलंच. नागपुरात १९३२ मध्ये गिट्टीखदानात दिनशॉजी आणि एरचशॉ या राणा बंधूंनी दुधाचा धंदा सुरू केला, आणि त्यातून उभं राहिलेलं दिनशॉज आईस्क्रीम इथल्या तीन पिढ्यांनी खाल्लं. १९५८ मध्ये गोदरेजचा फ्रिज आला, हळूहळू मध्यमवर्गाच्या घरात शिरला. मग आईस्क्रीम मऊ ठेवणाऱ्या ‘जीएमएस’ आणि ‘सीएमसी’ पावडरींच्या पुड्या आल्या: अर्धवट गोठवा, मिक्सरमधून काढा, पुन्हा गोठवा. ती पॉटचीच नक्कल आहे, पातीचं काम दोन हप्त्यांत उरकलेलं. पॉटमध्ये या पावडरी घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

हल्ली पॉट दिसतो तो लग्नाच्या लॉनवर, मोटरीच्या पट्ट्यावर घुमताना. गेल्या उन्हाळ्यात एक जुना पॉट मिळाला म्हणून आम्ही तो घरी घुमवला. लादी आली ती फिकट निळी. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम आहे. पॉटला तो चालतो, दुधाशी त्याची गाठ पडतच नाही. भाचा विचारत राहिला, निळं आईस्क्रीम होणार का म्हणून. वीस मिनिटांनी हँडल जड झालं, पॉट जागचा सरकायला लागला. मग झाकणावर घडी केलेलं गोणपाट टाकून भाच्यालाच वर बसवलं. भोकातून निळं पाणी मोरीकडे वाहत होतं. या वेळी तिथे चिंधी नव्हती.