दिवा लागतो, पण गाडी बोलत नाही : ओबीडी अडॅप्टर आणि मोबाइल यांच्यातील जोडणी कशी तपासावी

स्टीअरिंगखालच्या ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीने स्वतःच करायचे बिघाड-निदान) सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा अडॅप्टर बसवायचा, मोबाइलवर अ‍ॅप उघडायचे आणि ‘चेक इंजिन’चा दिवा का लागला आहे हे थेट गाडीलाच विचारायचे, ही सोय आता सर्वसामान्य वाहनधारकाच्या आवाक्यात आली आहे. ती वापरताना सर्वाधिक वेळ मात्र बिघाड वाचण्यात जात नाही. ‘कनेक्ट झाले नाही’ या एका संदेशापुढे जातो. हा संदेश फसवा आहे, कारण त्यात दोन अगदी वेगळ्या जोडण्या एकत्र झालेल्या असतात. मोबाइल आणि अडॅप्टर यांच्यातील संवाद रेडिओलहरींवर चालतो, तर अडॅप्टर आणि गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, यांच्यातील संवाद तांब्याच्या तारांवर. यांपैकी कोणती जोडणी तुटली आहे हे आधी ठरवल्याशिवाय केलेली प्रत्येक खटपट अंदाजपंचे ठरते. तारेवरचा बिघाड मोबाइलचे ब्लूटूथ दहा वेळा बंद-चालू करून कधीच जाणार नाही.

सुरुवात सॉकेटपासून करू. हे सोळा पिनांचे सॉकेट ‘एसएई जे १९६२’ या मानकानुसार बनते. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून आणि डिझेल गाड्यांसाठी २००४ पासून तशाच पद्धतीची सक्ती आली. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा दाब थेट येतो, तर ४ आणि ५ क्रमांकाच्या पिना अर्थिंगच्या असतात. म्हणूनच चावी फिरवलेली नसतानाही अडॅप्टरचा दिवा लागतो. तो दिवा फक्त वीज पोहोचल्याचे सांगतो, गाडीचा संगणक जागा असल्याचे सांगत नाही. ईसीयूशी बोलण्यासाठी इग्निशन चालू लागते आणि पुश-बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता एकदा बटण दाबल्यावर मिळणारी केवळ रेडिओपुरती अवस्था बहुधा पुरत नाही. उलट दिवा मुळीच लागत नसेल, तर फ्यूज पाहावा. कित्येक गाड्यांत हे सॉकेट आणि सिगारेट लायटरचे सॉकेट एकाच फ्यूजवर असते, त्यामुळे कधीतरी खराब चार्जरमुळे उडालेला फ्यूज अडॅप्टर खराब असल्याचा भास निर्माण करतो.

रेडिओच्या बाजूला तीन प्रकारचे अडॅप्टर भेटतात आणि माझ्या मते निम्मा गोंधळ आपल्या हातात यांतला कोणता आहे हे न पाहिल्यामुळे होतो. पहिला प्रकार जुन्या, म्हणजे क्लासिक ब्लूटूथचा. तो मोबाइलला जणू एक अदृश्य सिरियल केबल जोडून देतो. त्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आधी पेअरिंग करावे लागते, त्यासाठीचा सांकेतिक क्रमांक सहसा १२३४ किंवा ०००० असतो, आणि त्यानंतर अ‍ॅपमध्ये तोच अडॅप्टर निवडावा लागतो. सेटिंग्जमध्ये ‘पेअर झाले’ एवढेच दिसणे अपेक्षित आहे. ‘कनेक्टेड’ हा शब्द अ‍ॅपने जोडणी उघडल्यावरच येतो, त्यामुळे तो आधी दिसत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आयफोनवर मात्र ही सिरियल पद्धत अ‍ॅपलची खास मान्यता घेतलेल्या उपकरणांपुरतीच खुली आहे, म्हणून साधा क्लासिक अडॅप्टर आयफोनच्या यादीत दिसतच नाही. तो बिघाड नसतो आणि त्यावर इलाजही नसतो.

दुसरा प्रकार ब्लूटूथ लो एनर्जीचा. हे तंत्र २०१० मध्ये ब्लूटूथ ४.०सोबत आले आणि ते आयफोन व अँड्रॉइड दोन्हींवर चालते. येथे नियम जवळजवळ उलटा होतो : सेटिंग्जमध्ये जाऊन पेअरिंग करण्याची बहुधा गरज नसते, अ‍ॅप स्वतःच अडॅप्टर शोधून जोडून घेते. सवयीने सेटिंग्जमधून आधीच जोडून ठेवले, तर पुष्कळदा तीच जोडणी अ‍ॅपच्या आड येते; अशा वेळी ‘फर्गेट’ करून फक्त अ‍ॅपमधून जोडावे. अ‍ॅपला अडॅप्टर सापडतच नसेल, तर परवानग्या तपासाव्यात. अँड्रॉइड ६ ते ११ या आवृत्त्यांत ब्लूटूथचा शोध घेण्यासाठी लोकेशनची परवानगी आणि लोकेशन चालू असणे, दोन्ही लागते, कारण आसपासच्या ब्लूटूथ उपकरणांवरून माणसाचा ठावठिकाणा काढता येतो. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आली. ती एकदा नाकारली गेली की पुष्कळ अ‍ॅप कोणतीही तक्रार न करता रिकामी यादी दाखवत राहतात.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते. असे अडॅप्टर साधारणपणे एका वेळी एकाच मोबाइलशी बोलतात. गाडीत बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर तेच अ‍ॅप पार्श्वभूमीत चालू असेल, किंवा आपल्याच फोनवर दोन निदान-अ‍ॅप उघडी असतील, तर जागा आधीच अडलेली असते.

तिसरा प्रकार वाय-फायचा. हा अडॅप्टर स्वतःचेच छोटे नेटवर्क उभे करतो. त्याचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असते, आणि अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये हेच आकडे असावे लागतात. अडचण अशी की या नेटवर्कवर इंटरनेट नसते. आजचे स्मार्टफोन असे नेटवर्क निरुपयोगी समजून गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात, आणि वर वाय-फायचे चिन्ह दिसत असूनही अ‍ॅपची विचारणा अडॅप्टरपर्यंत पोहोचत नाही. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहू का?’ असा प्रश्न आल्यास होकार द्यावा. तेवढ्याने भागले नाही तर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन तात्पुरते बंद करावेत. आयओएस १४ पासून अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगीही द्यावी लागते. नेटवर्कला जोडूनही फोनला पत्ताच मिळत नसेल, तर १९२.१६८.०.११ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क हाताने भरून पाहता येतो.

आता दोन जोडण्या वेगळ्या करणारी कसोटी. बहुतेक अडॅप्टर ‘ईएलएम३२७’ या चिपची भाषा बोलतात. ही भाषा जुन्या मोडेमच्या धर्तीवर ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांची आहे, आणि अनेक अ‍ॅपमध्ये त्या आज्ञा टाइप करण्यासाठी टर्मिनलची सोय असते. ‘एटीआय’ ही आज्ञा दिली की अडॅप्टर स्वतःचे नाव व आवृत्ती सांगतो. ‘एटीआरव्ही’ दिली की तो सॉकेटवरील व्होल्टेज सांगतो. या दोन्ही उत्तरांसाठी ईसीयूची मुळीच गरज नसते. म्हणून उत्तर आले, तर रेडिओची बाजू निर्दोष आहे आणि मोबाइलमध्ये आणखी काही बदलण्यात अर्थ नाही. शोध आता तारेच्या बाजूला न्यायचा. उत्तर आलेच नाही, तर ईसीयूला दोष देणे घाईचे ठरेल. जेमतेम एका मिनिटाची ही तपासणी मला इतर सर्व उपायांपेक्षा मोलाची वाटते.

तारेच्या बाजूला पहिली ठिणगी ‘०१००’ या विचारणेने पडते : तुम्ही कोणती मोजमापे देऊ शकता, असे अडॅप्टर ईसीयूला विचारतो. ‘४१ ००’ने सुरू होणारे उत्तर आले की संवाद जुळला. त्याऐवजी येणाऱ्या संदेशांचे अर्थ वेगवेगळे आहेत आणि ते नीट वाचले पाहिजेत. ‘अनेबल टू कनेक्ट’ म्हणजे सर्व प्रोटोकॉल, म्हणजे संवादाच्या ठरीव पद्धती, आजमावूनही गाडीकडून काहीच ऐकू आले नाही. बहुधा इग्निशन बंद असते किंवा प्लग पूर्ण बसलेला नसतो. ‘नो डेटा’ म्हणजे ठरलेल्या मुदतीत त्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर आले नाही. गाडीत तो सेन्सर नसला तरी असेच होते. ‘स्टॉप्ड’ म्हणजे आधीचे काम पुरे होण्यापूर्वीच अ‍ॅपने पुढची आज्ञा पाठवली, म्हणजेच अ‍ॅप फार घाई करत आहे.

गाडीचे वय येथे महत्त्वाचे ठरते. नव्या गाड्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवरील कॅन बस या गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांच्या जोडीवर सेकंदाला बहुधा ५,००,००० बिट या वेगाने बोलतात. अमेरिकेत २००८च्या मॉडेलांपासून ओबीडीसाठी कॅन सक्तीचे आहे. जुन्या अनेक गाड्या ७ क्रमांकाच्या पिनेवरील के-लाइन ही जुनी, संथ संवादतार वापरतात. तिथे संवादाची सुरुवात काही वेळा सेकंदाला अवघ्या ५ बिट या गतीने होते, त्यामुळे दहा बिटांची पहिली हाक द्यायलाच २ सेकंद लागतात. ज्या अ‍ॅपची प्रतीक्षेची मुदत आखूड असते, ते उत्तर येण्यापूर्वीच हार मानते. अशा गाडीसाठी अ‍ॅपमध्ये ‘ऑटो’ऐवजी तिचा नेमका प्रोटोकॉल निवडला, तर एकामागून एक प्रोटोकॉल चाचपण्याचा वेळ वाचतो आणि जोडणी बऱ्याचदा पहिल्याच प्रयत्नात जुळते. इलेक्ट्रिक गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. धूर सोडणारे इंजिनच नसल्याने त्यांतल्या अनेक गाड्या या प्रमाणित विचारणांना दाद देत नाहीत आणि निर्मात्याच्या खास आज्ञा जाणणारे अ‍ॅप लागते.

चिपच्या अस्सलपणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ईएलएम३२७ ही कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सची निर्मिती. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारे संरक्षण नव्हते आणि तिथूनच नकलांचा पूर आला. पुष्कळ अडॅप्टर स्वतःची आवृत्ती १.५ सांगतात, पण मूळ कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. नक्कल म्हणजे लगेच टाकाऊ असे मी म्हणणार नाही. साधे बिघाड-कोड वाचण्यास ती पुरते. मात्र काही नकलांत के-लाइनचा भाग अपुरा असतो, तर काहींना लांब उत्तरे सांभाळता येत नाहीत. एकच अडॅप्टर एका गाडीत बोलतो आणि दुसऱ्या गाडीत गप्प बसतो, याचे कारण अनेकदा इथे सापडते.

जोडणी जुळून मध्येच तुटत असेल, तर तुटण्याची वेळ टिपून ठेवावी. स्टार्टर फिरतानाच तुटत असेल, तर त्या क्षणी बॅटरीचा दाब खाली जाऊन अडॅप्टर नव्याने सुरू होत असतो. इंजिन चालू झाल्यावर ‘एटीआरव्ही’ने साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवावेत. आकडा १२च्या आसपासच अडकला असेल, तर ब्लूटूथ सोडून आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून घ्यावा. मोबाइलचा पडदा बंद झाल्यावर काही वेळाने तुटत असेल, तर फोनची बॅटरीबचत अ‍ॅपला झोपवत असते. त्या अ‍ॅपला तेवढी सूट देणे पुरते. अंतर मात्र क्वचितच दोषी असते, कारण दहा मीटरपर्यंत पोहोचणाऱ्या लहरींना गाडीतले एक-दोन मीटर काहीच नसतात.

काम झाल्यावर अडॅप्टर सॉकेटमध्येच ठेवायचा की काढायचा, हे त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. १६ क्रमांकाची पिन कधीच बंद होत नसल्यामुळे न झोपणारा अडॅप्टर समजा ५० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी गाडी उभी असताना तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक रिकामी होते. वाय-फायच्या अनेक अडॅप्टरना पासवर्डही नसतो, त्यामुळे उभ्या गाडीजवळून जाणारा कोणीही त्या नेटवर्कला जोडून ईसीयूला विचारणा करू शकतो. असा अडॅप्टर तरी गाडीतून उतरताना आठवणीने काढून घ्यावा.