तापमान सेन्सरची ओळख कर्नलला कोण करून देतो

नॅशनल सेमीकंडक्टरचा एलएम७५ हा आठ पायांचा छोटासा सेन्सर. आयटूसी बसवर, म्हणजे अनेक चिप एकाच जोडतारेवर जोडणाऱ्या वाहिनीवर, बसतो. पत्ता ठरवायला तीन पाय आहेत, त्यामुळे एका बसवर हेक्स ४८ ते हेक्स ४एफ असे आठ एलएम७५ मावतात. आत चार रजिस्टरे, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे: तापमान, कॉन्फिगरेशन, हिस्टरेसिस (तापमान इथपर्यंत उतरले की इशारा थांबतो) आणि वरची मर्यादा. वीज येताच मर्यादा ८० अंशांवर आणि हिस्टरेसिस ७५ अंशांवर आपोआप लागते. नाही ते फक्त स्वतःचे नाव सांगणारे रजिस्टर. यूएसबी किंवा पीसीआय उपकरणाला विचारले की ते उत्पादकाचा आणि स्वतःचा क्रमांक सांगते. आयटूसीमध्ये अशी सोयच नाही. मग हेक्स ४८ वर बसलेला कोण, हे ड्रायव्हरला, म्हणजे कर्नलमधल्या ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला, सांगायचे कोणी? लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या त्याच्या मुख्य भागात, या प्रश्नाला आजवर तीन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर होते: अंदाज. १९९८च्या सुमारास फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी एलएम-सेन्सर्स हा प्रकल्प उभा केला. पीसीच्या मदरबोर्डवर कोणते सेन्सर आहेत याची यादी कुठेच मिळत नसे, म्हणून ड्रायव्हर ठरावीक पत्त्यांवर जाऊन चाचपणी करत. एलएम७५ ओळखायची युक्ती तर मजेशीरच आहे. त्याची रजिस्टरे दर आठ पत्त्यांनी पुन्हा तीच येतात, आणि ४ ते ७ ही न वापरलेली रजिस्टरे वाचली तर आधी वाचलेलीच किंमत परत मिळते. शिवाय कॉन्फिगरेशनचे वरचे बिट शून्य असतात. एवढे जुळले की ‘हा एलएम७५ असावा’ असे धरायचे. पण त्याच पत्त्यांवर डीएस१६२१ हा दुसरा तापमान सेन्सर बसतो, पीसीएफ८५९१ हा एडीसीही (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) बसतो. चुकीची ओळख पटली तर खोलीत पंखा लावलेला असताना सेन्सर उणे तापमान दाखवतो. म्हणून त्या काळच्या ड्रायव्हरना ‘फोर्स’ आणि ‘इग्नोर’ असे मोड्यूल पॅरामीटर होते: इथे एलएम७५ आहे असेच समज, किंवा या पत्त्याला हात लावू नकोस.

चुकीचे आकडे हा त्यातला सौम्य भाग. काही आयबीएम थिंकपॅडमध्ये अॅटमेलची २४आरएफ०८ ही ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती जपणारी चिप) होती आणि तिच्या अंतर्गत स्टेट मशीनमध्ये दोष होता. पत्त्यावर कोणी आहे का हे पाहायला बसवर ‘क्विक राइट’ पाठवत, म्हणजे डेटा नसलेला लेखन-संदेश. या ईईप्रॉममधली माहिती त्यानेच बिघडे, आणि मग लॅपटॉप सुरूच होत नसे. पीआयआयएक्स४ या बस कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये आयबीएमचे मशीन दिसताच लोड व्हायला नकार देणारी अट घालावी लागली. त्या अनुभवाची खूण आजही कर्नलमध्ये आहे: हेक्स ३० ते ३७ आणि ५० ते ५एफ या पत्त्यांवर चाचपणी करताना क्विक राइट न वापरता एक बाइट वाचला जातो.

कर्नलच्या २.४ मालिकेत सेन्सरचे आकडे प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलप्रणालीत एका ओळीत मिळत: मर्यादा, हिस्टरेसिस, चालू तापमान, तेही दशांश चिन्हासह. २.६ मालिकेत ते सिसएफएस या तशाच नव्या फाइलप्रणालीत गेले, दर फाइलीत एकच पूर्णांक, एकक मिलिडिग्री सेल्सिअस. २५.५ अंश म्हणजे ‘टेम्प१_इनपुट’मध्ये २५५००. २००५ मध्ये हे ड्रायव्हर आयटूसीच्या डिरेक्टरीतून निघून ‘एचडब्ल्यूमॉन’ या स्वतंत्र घरात आले.

दुसरे उत्तर एम्बेडेड मंडळींकडून आले. बोर्ड ज्याने बनवला त्याला हेक्स ४८ वर काय सोल्डर केले आहे ते पक्के ठाऊक असते, चाचपणी कशाला? २००७च्या सुमारास आयटूसीच्या गाभ्यात ‘बोर्ड इन्फो’ची पद्धत आली. बोर्डच्या सी फाइलमध्ये चिपचे नाव आणि पत्ता लिहायचा, बाकी कर्नल बघतो. पद्धत स्वच्छ, पण एआरएम प्रोसेसरच्या दर नव्या बोर्डमागे एक नवी सी फाइल कर्नलमध्ये येऊ लागली. एकाच प्रोसेसरचे दोन बोर्ड केवळ सेन्सरच्या पत्त्यात वेगळे असले तरी दोन फाइली. मार्च २०११ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एआरएमच्या या पसाऱ्यावर जाहीरपणे संताप व्यक्त केला, आणि तिसऱ्या उत्तराकडे जाण्याला वेग आला.

ते उत्तर मुळात नवे नव्हते. सन कंपनीच्या मशीनमधले ओपन फर्मवेअर १९९४ मध्ये आयट्रिपलई १२७५ हे मानक झाले होते. त्यात हार्डवेअरचे वर्णन झाडाच्या रूपात कर्नलच्या हाती दिले जाई, म्हणून नाव डिव्हाइस ट्री. पॉवरपीसी प्रोसेसरवर २००५ मध्ये त्याची सपाट, बायनरी आवृत्ती आली. एआरएमने तीच उचलली. एलएम७५चे वर्णन आता तीन-चार ओळींचे असते. आयटूसी कंट्रोलरच्या नोडखाली (नोड म्हणजे झाडाची फांदी) ‘टेम्परेचर-सेन्सर@४८’ असा नोड, ‘कम्पॅटिबल’मध्ये ‘नॅशनल,एलएम७५’, ‘रेग’मध्ये हेक्स ४८. सेन्सर थर्मल झोनला, म्हणजे ज्याच्या तापमानावर कर्नल कृती करतो त्या भागाला, जोडायचा असेल तर ‘#थर्मल-सेन्सर-सेल्स’ शून्य.

स्वल्पविरामाआधीचे उत्पादकाचे नाव शोभेचे वाटते, आणि आयटूसीमध्ये बराच काळ ते खरोखर शोभेचेच होते. गाभा ते गाळून फक्त ‘एलएम७५’ जुळवत असे, म्हणून चुकीच्या उत्पादकाचे नाव लिहिलेल्या फाइलीही चालून गेल्या. एनटीसी थर्मिस्टरच्या (तापमान वाढले की ज्याचा रोध घटतो त्या भागाच्या) ड्रायव्हरमध्ये मुराटाच्या भागांना ‘एनटीसी’ हेच उत्पादकाचे नाव म्हणून दिले गेले होते! पुढे ‘मुराटा,एनसीपी१५डब्ल्यूबी४७३’ असे दुरुस्त केले, तरी जुने नाव ओळखणे बंद करता आले नाही. वर्णन फर्मवेअरमध्ये कायमचे बसवलेले असू शकते. कर्नल नवा आणि वर्णन जुने ही जोडी चाललीच पाहिजे. थर्मिस्टरला तर नावाबरोबर आजूबाजूचे सर्किटही सांगावे लागते: पुल-अपचा व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, वरचा आणि खालचा रोध ओहममध्ये, थर्मिस्टर वर जोडला आहे की खाली. यातला एक आकडा चुकला तरी वाचन येत राहते, फक्त खोटे.

तापमान मोजणे आणि त्यावर कृती करणे ही दोन कामे कर्नलमध्ये वेगळी वाढली. थर्मल फ्रेमवर्क २००८ मध्ये आले; डिव्हाइस ट्रीतून झोन लिहायची सोय एदुआर्दो व्हॅलेंटिन यांच्या कामातून २०१३ मध्ये तयार झाली, आणि एचडब्ल्यूमॉनमधून तिला आधी जोडले गेलेल्यांत एलएम७५ आणि टीएमपी१०२ होते. नेहमीच्या चुका इथेच होतात. ट्रिपचे, म्हणजे ज्यावर कृती सुरू होते ते, तापमानही मिलिडिग्रीत लिहायचे असते. ‘क्रिटिकल’ (मशीन बंद करणाऱ्या) ट्रिपला ८५००० ऐवजी ८५ लिहिले तर मर्यादा ०.०८५ अंश होते, आणि बोर्ड सुरू होताच शिस्तीत बंद होतो. ‘पोलिंग-डिले’, म्हणजे दोन वाचनांमधला वेळ, शून्य ठेवला तर कर्नल सेन्सरकडून येणाऱ्या इशाऱ्याची, इंटरप्टची, वाट पाहतो; सेन्सरची इंटरप्टची तार जोडलेलीच नसेल तर झोन गप्प राहतो आणि ‘पॅसिव्ह’ ट्रिपवर प्रोसेसरचा वेग कमी होतच नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या तयार ओव्हरलेमध्ये (डिव्हाइस ट्रीला जोडायच्या पुरवणीत) एलएम७५चा पत्ता न दिल्यास हेक्स ४एफ धरला जातो, तर तिन्ही पत्त्याचे पाय जमिनीला जोडलेला सेन्सर ४८ वर असतो. पत्ता स्वतः लिहिलेला बरा.

शंका आल्यास रजिस्टर थेट वाचून पाहावे, पण बाइटांचा क्रम लक्षात ठेवून. एलएम७५ मोठा बाइट आधी पाठवतो, एसएमबस ही आयटूसीवर आधारित पद्धत लहान बाइट आधी मानते. २५.५ अंशांसाठी रजिस्टरात हेक्स १९८० असते आणि ‘आयटूसीगेट’ या आज्ञेने वर्ड (दोन बाइट एकदम) वाचला तर ८०१९ दिसते. सेन्सर ठीक असतो, आकडा फक्त उलटा.

डिव्हाइस ट्रीतल्या वर्णनांचे नियम आधी साध्या मजकूर फाइलींत होते आणि ते पाळले जातात का हे माणसानेच पाहायचे. आता ते यॅमल स्कीमात, म्हणजे संगणकाला तपासता येणाऱ्या नियमांच्या फाइलींत, असतात, आणि ‘रेग’ विसरला किंवा ‘कम्पॅटिबल’ यादीत नसेल तर तपासणीतच कळते. ट्रिपचा ८५ मात्र स्कीमालाही खटकत नाही. पूर्णांक आहे ना.

पीसीच्या बाजूला वर्णन एसीपीआयच्या तक्त्यात (फर्मवेअर कर्नलला देतो त्या माहितीत) असते, आणि तिथे तापमान दशांश केल्व्हिनमध्ये येते. सेल्सिअसपासूनचे अंतर २७३.१५, एकच दशांश स्थान असल्याने कुणाचे फर्मवेअर २७३.१ धरते, कुणाचे २७३.२. कोणते धरले ते तक्ता सांगत नाही. म्हणून कर्नल ‘क्रिटिकल’ ट्रिपचा आकडा घेतो, त्याला पाचने भागतो, आणि बाकी १ उरली तर २७३.१ समजतो. १०० अंशांचा ट्रिप ३७३१ असेल तर बाकी १, ३७३२ असेल तर २. बोर्ड बनवणारे मर्यादा पाचाच्या पटीत किंवा गोल अंशांत लिहितात, या सवयीवरच हा अंदाज उभा आहे.