पगारातून अतिप्रदानाची वसुली : खान्देशातील शाळा कर्मचाऱ्यांनी हरकत कोठे व कशी नोंदवावी

अतिप्रदानाची, म्हणजे कार्यालयाच्याच चुकीने जादा दिल्या गेलेल्या वेतनाची, पगारातून वसुली सुरू झाल्याचे बऱ्याच शिक्षकांना कळते ते शाळांच्या पगाराच्या शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतल्या वेतनचिठ्ठीवरून, आणि तोपर्यंत पहिला हप्ता गेलेला असतो. हरकत मात्र त्याआधी, म्हणजे वसुलीची नोटीस किंवा सेवापुस्तकातील पडताळणीचा आक्षेप हाती आल्याबरोबर नोंदवायची असते.

प्रत्येक कपातीला हरकत घेता येत नाही. ग. स. सोसायटीचा (सरकारी नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचा) कर्जहप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे, सभासदाने स्वतः लिहून दिलेल्या संमतीवरच कापला जातो. दिवाणी न्यायालयाच्या जप्तीत साधारणपणे पगाराचे पहिले 1000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. संपाच्या काळातील गैरहजेरीचे वेतन प्रमाणात कापता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच स्पष्ट केले आहे. शिक्षा म्हणून वसुली करायची असेल, तर जिल्हा परिषद शिक्षकांना 1964 चे शिस्त व अपील नियम आणि खाजगी अनुदानित शाळांना 1977 चा सेवाशर्ती अधिनियम व 1981 ची नियमावली लागू होते. त्यात कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश काढता येत नाही.

खान्देशात सर्वाधिक त्रासाची ठरते ती अतिप्रदानाची वसुली. धडगाव, अक्कलकुवा किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांत काम केलेल्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाप्रमाणे एकस्तर, म्हणजे मूळ पदापेक्षा एक टप्पा वरची, वेतनश्रेणी मिळते. त्या क्षेत्रातून बदली झाल्यावर, किंवा वरिष्ठ श्रेणी लागल्यावर, वेतन पुन्हा निश्चित करायचे राहून जाते, आणि सेवानिवृत्तीच्या प्रस्तावासाठी सेवापुस्तक पडताळणीला गेले की काही वर्षांचा फरक एकदम अंगावर येतो. तोरणमाळच्या वस्तीशाळेत पावसाळे काढलेल्या माणसाने लिपिकाच्या आकडेमोडीचा भुर्दंड भरावा, हे मला मुळीच न्याय्य वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू धरली आहे.

पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात 18 डिसेंबर 2014 रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने वसुली अनुज्ञेय नसलेल्या परिस्थिती सांगितल्या : कर्मचारी वर्ग 3 किंवा 4 चा असणे, तो निवृत्त झालेला असणे किंवा आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणार असणे, जादा रक्कम आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली असणे, वरच्या पदाचे काम चुकीने करवून घेऊन त्याचे वेतन दिलेले असणे, आणि वसुली अन्यायकारक वा अतिशय जाचक ठरणारी असणे. प्राथमिक शिक्षक वर्ग 3 मध्ये येत असल्याने पहिलीच परिस्थिती त्यांना लागू पडते. केरळमधील निवृत्त शिक्षक थॉमस डॅनियल यांच्या प्रकरणात 2 मे 2022 रोजी न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा उचलून धरले. मात्र रक्कम खोटी माहिती देऊन मिळवलेली असेल तर हे संरक्षण मिळत नाही. शिवाय चुकीची वेतननिश्चिती पुढील काळासाठी दुरुस्त करण्याचा प्रशासनाचा अधिकार कायम राहतो.

कार्यालयाचे नेहमीचे उत्तर वचनपत्राचे असते. सातव्या वेतन आयोगाचा विकल्प देताना जादा रक्कम परत करण्याचे वचनपत्र घेतले गेले होते, आणि जगदेव सिंग प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वचनपत्राला महत्त्व दिले. पण तो कर्मचारी दिवाणी न्यायाधीश होता, वर्ग 3 चा नव्हता, हा फरक अर्जात ठळकपणे मांडावा. वसुलीच्या नोटिशीनंतर पुढे केलेल्या नव्या हमीपत्रावर मात्र विचार केल्याशिवाय सही करू नये.

अर्ज साध्या कागदावर चालतो. जिल्हा परिषद शिक्षकाने तो मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा आणि प्रती शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व मुख्य लेखा व वित्त अधिकारी यांना पाठवाव्यात. अनुदानित माध्यमिक शाळेतील कर्मचाऱ्याने मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि वेतन पथकाचे अधीक्षक यांच्याकडे, व दाद न मिळाल्यास नाशिकच्या शिक्षण उपसंचालकांकडे जावे. शासकीय आश्रमशाळांच्या बाबतीत यावल, धुळे, नंदुरबार किंवा तळोदा येथील प्रकल्प कार्यालय हा पहिला टप्पा आहे. अर्जासोबत वसुलीचा आदेश किंवा नोटीस, सेवापुस्तकातील संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती, मूळ वेतननिश्चितीचा तक्ता, नियुक्ती व बदलीचे आदेश, वादातील काळाच्या वेतनचिठ्ठ्या आणि विकल्पपत्राची प्रत जोडावी. वसुलीचा महिनावार हिशेब मिळाला नसेल तर तो आधी मागावा, कारण आकडा कसा आला हे कळल्याशिवाय हरकत नेमकी होत नाही. कार्यालयाने तो दिला नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरता येतो; उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. अर्ज बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर, देताना आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. ती पोचच पुढे न्यायालयात पहिला पुरावा ठरते.

निर्णय विरोधात गेला, किंवा उत्तराविनाच कपात सुरू राहिली, तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात व तेथे रिट याचिका दाखल करता येते. शासकीय आश्रमशाळेतील कर्मचाऱ्याला आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जावे लागते. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीचे शाळा न्यायाधिकरण मुख्यतः बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा सेवाज्येष्ठता डावलण्याविरुद्ध 30 दिवसांत करायच्या अपिलांसाठी आहे, त्यामुळे निव्वळ वसुलीच्या तक्रारीसाठी तेथे वेळ घालवू नये. याचिकेत वसुलीला स्थगितीची मागणी करताना आधीच कापून घेतलेले हप्ते परत मिळावेत ही मागणीही स्वतंत्रपणे लिहावी, कारण ती बऱ्याचदा राहून जाते.