एकाच घरातला एक बोलका, एक अबोल

शिमग्यात पालखी दारात आली की थोरला ती खांद्यावर घेऊन नाचवतो आणि धाकटा मागच्या पडवीत जाऊन बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी भावंडं घरोघरी दिसतात. मग धाकट्याबद्दल म्हटलं जातं, 'लहानपणी असा नव्हता, बाहेरचं काहीतरी लागलं असणार.' कोणी नारळ उतरवतं, कोणी भगत गाठतं. त्याला काहीही लागलेलं नसतं, आणि धडधाकट पोराला बाधित ठरवण्याच्या या प्रकाराची मला मनापासून चीड येते. 'असा नव्हता' हे निरीक्षण मात्र खरं असू शकतं.

अशा गप्प मुलाला आपण अंतर्मुख म्हणतो, पण अंतर्मुख म्हणजे लाजरा नव्हे. लाजऱ्याला चारचौघांत बोलायचं असतं, पण धीर होत नाही. अंतर्मुखाला एकांत आवडतो. माणसांच्या गराड्यात तो लवकर दमतो. बाहेरून दोघे सारखेच गप्प दिसतात.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार, बहिर्मुखतेत, म्हणजे माणसांत मिसळायच्या ओढीत, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा वाटा जनुकांचा. उरलेला घरच्या वळणाचा असेल असं वाटतं. पण एका छपराखाली वाढल्याने भावंडांचे स्वभाव फारसे जवळ येत नाहीत, असंही हेच अभ्यास दाखवतात. मग फरक येतो कुठून?

इथे मला जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे मेंदूसंशोधक गेर्ड केंपरमान आणि सहकाऱ्यांचा, २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला प्रयोग फार मोलाचा वाटतो. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या ४० उंदरिणी त्यांनी नळ्या आणि मजले असलेल्या प्रशस्त पिंजऱ्यात तीन महिने एकत्र सोडल्या. प्रत्येकीच्या अंगात चिप, त्यामुळे कोण कुठे फिरतं याची सतत नोंद. रक्त एक, घर एक, खाणं एक. तरीही दिवस गेले तसा त्यांच्या वागण्यातला फरक वाढत गेला. काही सगळा पिंजरा पालथा घालत, काही ठरावीक जागीच रमत. शेवटी मेंदू तपासले. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात मोठेपणीही नव्या चेतापेशी तयार होतात; जास्त भटकणाऱ्यांत त्या जास्त निघाल्या. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे यावरून ठरत नाही. बहुधा हे चक्र असावं: किरकोळ फरकामुळे निवड बदलते, निवडीमुळे अनुभव, अनुभवामुळे मेंदू, आणि मेंदूमुळे पुढची निवड.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण असं चक्र आपल्याकडेही ओळखता येतं. मालवणहून मुंबईच्या शाळेत गेलेल्या मुलाच्या बोलीला वर्ग हसतो. तो बोलणं कमी करतो. मुलं त्याला शिष्ट समजून खेळायला बोलावत नाहीत. पुस्तकात तो खरोखर रमू लागतो. चार वर्षांनी गणपतीला गावी आला की लोकांना वेगळाच मुलगा दिसतो.

यात भीती किती आणि आवड किती, हे पाहायला हवं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जींच्या गटाने उंदरांना दहा दिवस रोज ताण दिला, तेव्हा अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागातल्या पेशींच्या शाखा वाढल्या, आणि नंतर २१ दिवस ताणाविना ठेवूनही त्या ओसरल्या नाहीत. भीती अशी रेंगाळू शकते, म्हणून मोबाइलवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीने मुलाला 'अंतर्मुख' ठरवून मोकळं होऊ नका. पडवीत तो खुशीत पुस्तक वाचत असेल तर वाचू द्या. खेळायला जायची इच्छा असूनही पाय उचलत नसेल, तर त्याला समुपदेशकाकडे न्या.