गॅसचा शॉकअप खोलण्याआधी हे वाचा

आंबोली, फोंडा, करूळ हे घाट सतत चढणाऱ्या जीपचे, टेम्पोचे, बाईकचे शॉकअप आमच्याकडे दुरुस्तीला येतात. त्यातले काही घरी अर्धवट खोललेले असतात. कळकळीची विनंती, तसं करू नका. साधा तेलाचा आणि गॅसचा शॉकअप बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात.

सिंगल ट्यूबच्या गॅस शॉकअपमध्ये तेलाला लागून एक सुटा, सरकणारा पिस्टन असतो आणि त्याच्या पलीकडे नायट्रोजन. दाब साधारण १० ते २५ बार. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असतो. नळी ४६ मिलिमीटरची आणि दाब २० बार धरला, तर त्या पिस्टनवर सुमारे ३४० किलोचा रेटा येतो. अशा वेळी लॉक (सर्कलिप) उचकटलं, तर झाकण आणि तेल थेट तोंडावर येतं.

रॉड आत दाबून सोडा. तो आपोआप बाहेर आला तर गॅस आहे. पण नाही आला म्हणून गॅस संपला असं धरू नका. तेल गळून गेलं की सुटा पिस्टन पुढे सरकून अडतो. रॉड ढिला पडतो आणि मागे नायट्रोजन दाबाखाली तसाच राहतो. ‘तेल गेलं म्हणजे गॅसही गेला’ हा समज सगळ्यात घातक.

आम्ही आधी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग उतरवतो. मग ब्रशने माती, मीठ साफ करून चष्मा घालतो, व्हॉल्व्हचं तोंड माणसांपासून दूर वळवतो आणि पिन हळूहळू दाबून गॅस सोडतो. त्याबरोबर तेलाचे तुषारही उडू शकतात. खाऱ्या हवेने गंजून पिन अडकली तर फुस्स आवाज येतच नाही, म्हणून गेजवर शून्य दिसेपर्यंत आणि पिन मोकळी हलतेय याची खात्री होईपर्यंत पुढचा नट हलत नाही. मग व्हॉल्व्हची पिन काढतो, सुट्या पिस्टनची खोली मोजून लिहून ठेवतो आणि त्यानंतरच लॉक काढतो.

बोल्ट जाम झाला म्हणून शॉकअपला गॅसकटर किंवा वेल्डिंग लावू नका. उष्णतेने आतला दाब वाढतो, तेल पेटू शकतं. भरताना फक्त नायट्रोजन, तोही कंपनीने सांगितलेल्या दाबाने. साध्या हवेत ओलावा असतो, आणि ऑक्सिजन तर चुकूनही नको: दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाचा संपर्क आला की स्फोट होतो.

ज्यांना व्हॉल्व्हच नाही, कडा दाबून किंवा वेल्ड करून बंद केल्या आहेत, असे शॉकअप आम्ही खोलत नाही. ते बदलावेच लागतात. जुना शॉकअप भंगारात द्यायचा असला तरी आधी आमच्याकडे आणा. व्हॉल्व्ह असेल तर गॅस सोडून परत देऊ, त्याचे पैसे घेत नाही.